आयाळ उपटण्याआधी

(सारंगखेडा. पहाटेचं धुकं. दावणीला घोडे.)

मार्गशीर्षातली पौर्णिमा, दत्तजयंती. तापीच्या काठावर सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरलीय आणि यात्रेला लागून घोड्यांचा बाजार. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका. दावणीला उभी जनावरं मात्र मारवाडची, काठियावाडची, कुठकुठली.

हा फेटेवाला बघा. गेला अर्धा तास एकाच घोडीभोवती फिरतोय. ओठ उचलून दात पाहिले. चारही खूर उचलून पाहिले. आयाळीत बोटं घालून थेट मुळापर्यंत नेली. कपाळावरचा भोवरा नेमका कुठे बसलाय, ते अंगठ्याने चाचपलं. अजून भाव विचारलेला नाही.

त्याच्या मागे मोबाईल धरून उभी आहे, ती आपली मुलगी. शहाद्याचीच, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिला घोडा घ्यायचा नाहीये. तिचा घोडा घरी कपाटात आहे, बुटांच्या खोक्यात. वीतभरसुद्धा उंची नाही. मऊ, पोकळ, आणि सध्या टकला.

(लगाम, खोगिरं, घुंगरं, कलग्या. गोंड्यांचं दुकान.)

राणी रंगाचा तो गोंडा दिसला? गेल्या वर्षी तिने असाच एक घेतला होता. तो पुढे येईलच.

(टेबलावर खेळण्यातला घोडा. अगदी जवळून.)

ही ‘माय लिटल पोनी’. अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीत बॉनी झॅकर्ली नावाच्या चित्रकार बाई होत्या, त्यांच्या डोक्यातून निघालेलं खेळणं. १९८१ साली आधी ‘माय प्रिटी पोनी’ आली. ती मोठी होती, कडक प्लास्टिकची, कान हलवणारी, डोळा मिचकावणारी. मग १९८३ मध्ये ही छोटी आली, मऊ व्हायनिलची, विंचरता येणाऱ्या केसांची. प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांडीवर, एक चिन्ह. बटरस्कॉच नावाचीच्या पुठ्ठ्यावर फुलपाखरं, ब्लू बेलच्या पुठ्ठ्यावर चांदण्या. सारंगखेड्याचा व्यापारी दात बघतो, पोनी जमवणारे पुठ्ठा बघतात.

जगभर ही खेळणी जमवणारे मोठे लोक आहेत. मोठे म्हणजे वयाने. त्यातले काही नुसते जमवत नाहीत. जुनी पोनी घेतात, केस काढून नवे ओवतात, रंग पुसून नवा चढवतात, पंख लावतात, शिंगं लावतात. एका घोड्यातून दुसराच घोडा. या मंडळींचा एक नियम आहे: हात बसवायचा तो मोडक्या घोड्यावर. कुत्र्याने चावलेला, शाईने माखलेला, कुणालाच नको असलेला. त्याला ते ‘बेट’ म्हणतात, म्हणजे गळाला लावायचं आमिष.

आपल्या मुलीला हा नियम माहीत होता. माळ्यावर सापडलेला घोडा मावशीच्या लहानपणीचा, धुळीने काळवंडलेला, आयाळीचा पार गुंता झालेला. तिला वाटलं, हेच आपलं बेट. दोन मिनिटं पाहिलं असेल तिने. फेटेवाल्याचा अर्धा तास आठवा.

(मोबाईलवरचं चित्रण. मे महिना. पंख्याचा आवाज.)

हे सगळं तिने स्वतःच टिपलेलं आहे. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, म्हणून चौकट जरा तिरपी.

पहिलं काम मुंडकं काढायचं. ते मानेत बसवलेलं असतं, आतून डकवलेलं. काढायच्या आधी मान शेकावी लागते. गरम पाण्यात धरा, नाहीतर हेअर ड्रायर फिरवा. व्हायनिल सैल पडलं, की बोथट सुरी कडेकडेने फिरवून गोंद सोडवायचा. तिने पाहिलेल्या व्हिडिओत हे सगळं सहा सेकंदांत उरकलं होतं. असले व्हिडिओ चारपट वेगाने पळवतात आणि वर गाणं लावतात. नवख्याला वाटतं, हाताचा वेगच तेवढा असतो. तिने थंड घोड्याचं मुंडकं मुठीत धरलं आणि पिळलं.

(आवाज.)

हा आवाज आम्ही वाढवलेला नाही. हनुवटीखाली नखाएवढी चीर गेली.

आता आयाळ. केस बाहेरून टोचल्यासारखे दिसतात, पण त्यांची मुळं आत असतात, झुपक्याझुपक्याने. बाहेरचे केस आधी कातरून टाकायचे आणि उरलेली मुळं मानेच्या भोकातून चिमट्याने आत ओढून घ्यायची. हिने बाहेरून उपटले. प्रत्येक झुपक्यासरशी भोक थोडं थोडं रुंदावत गेलं, आणि कपाळावर दोन भोकं फाटून एक झालं. चित्रणात मागून आजी जाते. क्षणभर थांबते. “पोरी, हाई घोडं शे का बोकड व?” आणि स्वयंपाकघरात निघून जाते. आजीएवढं नेमकं परीक्षण आम्हाला पुढे कुणाकडूनही मिळालं नाही.

शेपटीची गोष्ट वेगळी. या जुन्या घोड्यांत शेपटीचा झुपका पुठ्ठ्याच्या भोकातून आत जातो आणि आत धातूच्या चकतीने अडकवलेला असतो. पाणी आत शिरलं की चकती गंजते आणि गंजाचा तपकिरी डाग आतून बाहेर उमटतो. म्हणून घोडा धुतला की मुंडकं काढलेला, मान खाली करून दिवसभर निथळत ठेवायचा. चकती काढून टाकली तर उत्तमच. हिने चकती तशीच ठेवली आणि शेपटी म्हणून लावला तो सारंगखेड्याचा गोंडा.

(गोंडा, पाण्याचा थेंब, पुठ्ठा.)

गोंडा सूत-लोकरीचा. तो पाणी धरून ठेवतो. शिवाय त्याचा रंग कच्चा. खऱ्या घोड्याच्या अंगावर रंग उतरला तर पुढच्या आंघोळीला निघून जातो. व्हायनिल रंग पिऊन टाकतं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर ही राणी रंगाची छटा दिसते ना, ती पृष्ठभागावर नाही, आत मुरलेली आहे. साबण, व्हिनेगर, टूथपेस्ट, सगळं करून झालं. शेवटी कुणीतरी सांगितलं, मुरुमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम लावून उन्हात ठेव. जमवणारे हा उपाय खरोखर करतात आणि तो लागूही पडतो. फक्त तो जपून, थोडा थोडा, रोज उचलून बघत करायचा असतो. खानदेशातलं मे महिन्याचं ऊन कुणासाठी थांबतं? घोडा गच्चीवर ठेवून ती लग्नाला गेली. परत आली तेव्हा डाग फिकट झाला होता, आजूबाजूचा मूळ रंगही गेला होता आणि तापल्या पत्र्यावर मागचे दोन पाय फाकले होते.

(जळगाव. एमआयडीसी. चटयांचा कारखाना.)

या घोड्याचं असं का होतं, हे विचारायला आम्ही तिच्या मामांकडे आलो. जळगाव केळीचं, भरताचं, सोन्याचं, तसंच प्लास्टिकचंही गाव. इथल्या चटया देशभर जातात. मामांचा जन्म यंत्रावर गेला. खेळण्याशी त्यांचा काही संबंध नाही, पण त्यांनी घोडा हातात घेतला, दाबला, वास घेतला.

मामांचं म्हणणं असं. चटई पॉलिप्रॉपिलिनची, ती वेगळी जात. हा घोडा मऊ व्हायनिलचा, म्हणजे पीव्हीसी. जळगावात पीव्हीसी म्हटलं की पाइप, आणि पाइप वाकवायला गेलात तर तुटेल. मग तेच पीव्हीसी असं लोण्यासारखं कसं? त्यात तेलासारखा एक पदार्थ घालतात, प्लास्टिसायझर. तो घट्ट बांधलेला नसतो. वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपत राहतो. जुनी खेळणी हाताला चिकट लागतात ती त्यामुळेच.

(मामांच्या अंगठ्याचा ठसा घोड्याच्या पोटावर.)

नवख्यांच्या निम्म्या चुका या एका वाक्यात आहेत, असं आम्हाला वाटतं. झिरपणारं तेल वरच्या रंगाला भेटतं. तिने डोळे रंगवले होते नेलपॉलिशने. छान चकचकीत दिसले. सात महिने झाले, आजही त्या डोळ्यांना बोट लावलं तर बोट चिकटतं. भुवया काढल्या होत्या पर्मनंट मार्करने. पर्मनंट हा शब्द काचेसाठी आणि डब्यांसाठी ठीक. व्हायनिलवर शाई आतल्या आत पसरत जाते. मे महिन्यात केसाएवढी असलेली ही रेघ आज बघा, सुरवंट झालाय.

मग तिने ते पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर आणलं, ॲसिटोनवालं. मऊ व्हायनिलवरचा कारखान्याचा रंग त्याने निघतो. कापसाच्या बोळ्यावर थोडं घ्यायचं, पटकन पुसायचं, लगेच धुवायचं. घासत बसलं की व्हायनिलच बुळबुळीत होतं आणि वाळल्यावर तिथे चकाकणारा चट्टा राहतो. कडक प्लास्टिकच्या खेळण्यावर तर ॲसिटोन नेऊच नये, ते विरघळतं. डाव्या गालावरचा चट्टा दिसतोय. उजवा गाल वाचला, कारण बाटली संपली.

पंख एम-सीलचे होते. पाइपची गळती थांबवणारं तेच एम-सील, दोन गोळ्या मळून एक करायच्या. कल्पना वाईट नाही. परदेशातले लोकही दोन भागांची इपॉक्सी पुट्टीच वापरतात, कारण ती भट्टीत न घालता कडक होते. पण घोडा धुतलेला नव्हता, जागा सँडपेपरने खरवडलेली नव्हती. तेलकट अंगावर पुट्टी काय धरणार? पंख गळून पडले, अख्खेच्या अख्खे. जुलैत भर पावसाच्या दिवशी वरून वॉर्निशचा स्प्रे मारला, तर दमट हवेने त्यावर दुधाळ साय आली. पावसाळ्याचं चित्रण आमच्याकडे नाही, त्यामुळे एवढंच.

(डिसेंबर. तेच टेबल. दुसरा घोडा.)

हा दुसरा. जुन्या बाजारातल्या भंगारातून आणलेला. कान चावलेला, पोटावर बॉलपेनने कुणाचं तरी नाव. याला म्हणतात बेट.

आता तिचे हात बघा. आधी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. मग पाठ, पोट, खुरांचे तळवे, सगळं उलटंपालटं करून बघणं. फेटेवाल्यासारखं. मानेला हेअर ड्रायर. थांबणं. पुन्हा हेअर ड्रायर. सुरी अशी फिरतेय, जशी पुरणपोळी तव्यावरून सोडवतात. मुंडकं अलगद हातात आलं. चिमट्याने आतून एकेक मूळ. धातूची चकती बाहेर, चिमटीत धरून कॅमेऱ्याला दाखवतेय. बऱ्यापैकी गंजलेली.

रंग ॲक्रिलिकचा, पाणी घालून पातळ केलेला. पहिला हात असा डागाडागाचा दिसतो की कुणालाही वाटेल, बिघडलं. इथेच नवखा माणूस जाड थर मारतो. ती उठून चहा करायला गेली. दुसरा हात. तिसरा. दोन्ही डोळे एकदमच पुढे न्यायचे, एक पुरा करून दुसरा नाही. मधून मधून घोडा आरशासमोर धरायचा. डोळा तिरपा असेल तर आरशात लगेच कळतं. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. आजी कुंकू असं लावते.

मग केस. नायलॉनचे, बारीक झुपके. झुपका जाड घेतला की भोक ताणतं. सुई मानेच्या भोकातून आत, वरून बाहेर, परत आत गाठ. ओळीत पहिलं भोक, दुसरं, तिसरं. नववं. इथे घरातली सुई वाकली.

(आजी. खोका.)

तिने आजीकडे जाड सुई मागितली. गोधडीची असेल, आजी म्हणाली, आणि बटणांचा खोका घेऊन आली. पुठ्ठ्याचा, कोपरे चिकटपट्टीने बांधलेले. बटणं, हुक, दोन रिकाम्या रिळा. सुई शोधता शोधता खोका उलटा झाला. कॅमेरा चालू होता. झाकणावर घोड्याचं चित्र, आणि फनस्कूलचं नाव.

फनस्कूल ही एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी १९८७ मध्ये मिळून काढलेली भारतातली कंपनी. हॅस्ब्रोने देशोदेशीच्या कंपन्यांना ही पोनी बनवू दिली होती, ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको, ग्रीस, भारत. प्रत्येक ठिकाणचा साचा, रंग, केस थोडे थोडे निराळे उतरले. जमवणाऱ्यांनी या सगळ्या घोड्यांना एक लाडकं नाव दिलंय, निर्वाना. अमेरिकेत ढिगाने खपलेल्या पोनीपेक्षा यांना शोधणारे जास्त, आणि मिळतात कमी. आपल्याकडे कोण जपून ठेवतं? पोरं मोठी झाली की घोडा माळ्यावर, तिथून भंगारात. खानदेशातल्या किती माळ्यांवर असे घोडे पडून असतील, कुणी मोजलेलं नाही. पितळी समई आपण उलटी करून ठसा बघतो, पैठणीचा पदर बोटाने चाचपतो, पण प्लास्टिक म्हटलं की हात थेट कचऱ्याच्या पिशवीकडे जातो. खोका आजीने ठेवला, कारण तो मजबूत होता.

मावशीचा घोडा त्यातलाच होता.

(बुटांचं खोकं. टकला घोडा. चिकट डोळा. फाकलेले पाय.)

आजीने बटणं ताटात ओतली. तळाशी कागदाखाली काहीतरी अडकलं होतं. तिने नखाने सोडवलं. प्लास्टिकचा गुलाबी कंगवा, बोटाच्या पेराएवढा. घोड्याबरोबर आलेला.

आजीने तो नातीच्या हातात दिला आणि सुई शोधत राहिली.