विलेमस्टाड: रंगाखालची भिंत

(पूल हलू लागतो)

घंटा वाजली की पुलाचं फाटक बंद. आत राहिलात तर घाबरू नका, पुलासकट फिरून या. कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटाच्या राजधानीतला हा क्वीन एम्मा पूल 1888 सालचा, 167 मीटर लांब, तराफ्यांवर तरंगणारा. पुंडा आणि ओत्रोबांदा हे शहराचे समोरासमोरचे दोन भाग. ओत्रोबांदाच्या काठाला बिजागरी, पुंडाकडच्या टोकाला दोन डिझेल इंजिनं. ती सुरू झाली की जहाजांना वाट द्यायला अख्खा पूल दारासारखा बाजूला सरतो. नारिंगी निशाण दिसलं तर थांबा, पूल लवकर जुळेल. निळं असेल तर काठावरची फुकट फेरीबोट गाठा.

समोर हान्डेलस्काडे, पुंडाचा धक्क्यालगतचा रस्ता. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची डच घरं. 1817 साली डच गव्हर्नर किकेर्ट यांनी पांढऱ्या भिंतींना बंदी केली. उन्हात त्यांची तिरीप डोळ्यांना सोसेना. घरं उभी राहिली ती बंदराच्या व्यापारावर. त्यात माणसांचाही व्यापार होता; 1795 मध्ये ‘तुला’ नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली गुलामांनी बंड केलं, गुलामगिरी संपली 1863 मध्ये.

(भिंतीचा पाया, जवळून)

आता रंग सोडा, कमरेखाली बघा. पोपडे सुटलेत, विटकरी पूड गळतेय. भिंतीला लोणा लागलाय. बांधकामात प्रवाळाचा दगड, चुन्यात समुद्राची वाळू. म्हणजे मीठ पहिल्या दिवसापासून आतच. ओल जमिनीतून वर चढते, व्यापारी वारे ती पृष्ठभागाशी सुकवतात, आणि मिठाचे स्फटिक गिलाव्यामागे फुगून त्याला ढकलून देतात.

यावर सिमेंट फासणं हा सर्वांत वाईट इलाज. ओलीला बाहेरची वाट मिळत नाही, ती आणखी वर चढते. पहिल्या मजल्यावर नवे डाग उमटतात आणि सिमेंट निघतं ते दगडाचा थर घेऊनच.

खरं काम असं: ओलीच्या रेषेच्या बरंच वरपर्यंत जुना गिलावा उतरवायचा. सांधे कोरून मोकळे करायचे. भिंत सुकू द्यायची, घाई नाही. वर आलेलं मीठ कोरड्या ब्रशनं झाडायचं; पाण्यानं धुतलं तर ते विरघळून परत आत जातं. मग एक भाग चुना, तीन भाग गोड्या पाण्यात धुतलेली वाळू, पातळ थरांत. प्रत्येक थरावर ओलं गोणपाट, नाहीतर वारा तो धरण्याआधीच सुकवतो आणि हाताला पीठ लागतं. हा गिलावाही काही वर्षांनी झडणारच. झडू द्या, मीठ त्यानं घेतलं, दगड वाचला.

रंग चुन्याचा किंवा सिलिकेटचा, ओलीला बाहेर जाऊ देणारा. प्लास्टिक इमल्शन म्हणजे पुन्हा सिमेंटचीच चूक, फक्त पातळ.

शहर 1997 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तरी सिमेंटचा हात दोन दिवसांत फिरतो आणि या कामाला महिने जातात. क्रूझचा हंगाम तोंडावर आलेला घरमालक यातलं काय निवडतो, ते हान्डेलस्काडेच्या मागच्या गल्ल्यांत भिंतीवर टिचकी मारली की कळतं: सिमेंट सुटलं असेल तर आवाज पोकळ येतो.