पेशी कोणाचे ऐकते?

मित्रहो,

खुडूक कोंबडीखाली अंडी बसवलेली आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहेत, म्हणून भ्रूणाविषयी बोलताना मी त्या अंड्यापासूनच सुरुवात करतो. उबेला ठेवलेले अंडे साधारण १८ तासांनी जपून फोडले, तर बलकावर एक पातळ चकती दिसते आणि तिच्या मधोमध जेमतेम २ मिलिमीटर लांबीची पांढरट रेघ असते. रेघेच्या पुढच्या टोकाला ‘हेन्सनची गाठ’ नावाचा पेशींचा इवलासा पुंजका असतो. पुढे दीड दिवसाच्या सुमारास हृदय आकुंचन पावू लागते. त्याआधीच पाठ कुठे, डोके कुठे, हे ठरलेले असते.

हे ठरवते कोण? प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात आणि कामे वाटून देणारा कोणी मुकादम तिथे उभा नसतो. पेशी शेजारणींकडून येणाऱ्या रासायनिक संदेशांवर वाढतात. मात्र संदेश जितका महत्त्वाचा, तितकीच तो घेणाऱ्या पेशीची तयारीही महत्त्वाची असते, आणि आपल्या शिकवण्यात हीच बाजू नेहमी मागे पडते, असे मला वाटते.

जर्मनीत हान्स श्पेमान यांच्या प्रयोगशाळेत हिल्डे मांगोल्ड या तरुण संशोधिकेने केलेला प्रयोग मी मुद्दाम सविस्तर सांगतो. न्यूट या उभयचराच्या दोन जाती तिने घेतल्या, एकीचे भ्रूण फिकट आणि दुसरीचे गडद. फिकट भ्रूणाच्या पाठीच्या बाजूचा, जिथून पेशी आत वळू लागतात त्या ओठासारख्या कडेचा, सूक्ष्म तुकडा काढून तिने तो गडद भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला. तिथे दुसरी पाठ, दुसरी चेतानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी), जवळजवळ दुसरा भ्रूणच तयार झाला. आणि रंगावरून स्पष्ट दिसले, की त्या दुसऱ्या चेतानलिकेतल्या बहुतेक पेशी यजमान भ्रूणाच्याच, म्हणजे एरवी पोटाची कातडी झाल्या असत्या अशा होत्या. हा निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी एका अपघातात हिल्डेचा अंत झाला. श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या तुकड्याला ‘संघटक’ म्हणतात. हेन्सनची गाठ हा पक्ष्यांमधला संघटक होय.

संघटक ‘चेतापेशी व्हा’ असा आदेश देत असेल, अशी समजूत कितीतरी वर्षे होती. १९९० च्या दशकात बेडकाच्या भ्रूणावर झालेल्या कामातून निराळेच चित्र पुढे आले. बाह्यस्तरातल्या, म्हणजे भ्रूणाच्या सर्वांत बाहेरच्या थरातल्या, पेशी बीएमपी नावाच्या प्रथिनामार्फत एकमेकींना सतत ‘कातडी व्हा’ असे सांगत असतात; संघटकातून पाझरणारी नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिने बीएमपीला पेशीबाहेरच धरून ठेवतात, आणि हा निरोप ज्या पेशींपर्यंत पोहोचत नाही, त्या चेतासंस्थेच्या वाटेला लागतात. तोच बाह्यस्तर काही तासांनी, वय उलटल्यावर, संघटकाशेजारी ठेवला, तर तो दाद देत नाही. संघटक तोच आणि रेणूही तेच असतात. ऐकण्याची वेळ तेवढी निघून गेलेली असते.

एकाच संदेशाला ठिकाणाप्रमाणे वेगळा अर्थ येतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे सॉनिक हेजहॉग हे प्रथिन. कोंबडीच्या पंखाच्या अंकुरात ते मागच्या कडेने स्रवते आणि बोटांची ओळख ठरवते. तो मागचा तुकडा पुढच्या कडेलाही बसवला, तर आरशात पाहावे तशी दुसरी बोटे उगवतात. चेहरा घडताना मात्र हेच प्रथिन मध्यभागी असलेले डोळ्यांचे एकच क्षेत्र दोन भागांत विभागते.

हा संदेश पोहोचला नाही तर काय होते, हे शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या आपल्या भागाला चटकन उमजेल. १९५० च्या दशकात अमेरिकेतील आयडाहो राज्यात काही मेंढ्यांना कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरे झाली. या मेंढ्यांनी गाभण असताना, साधारण १४ व्या दिवशी, व्हेराट्रम ही रानवनस्पती खाल्ली होती. तिच्यातले सायक्लोपामाइन हे द्रव्य पेशीच्या आवरणातल्या एका प्रथिनाला चिकटते आणि हेजहॉगचा संदेश आत जाऊ देत नाही. मेंढी स्वतः धडधाकट राहिली, कारण त्या घडीला तो संदेश कोकरासाठी निर्णायक होता.

पुढे याच प्रथिनाला अडवणारे विस्मोडेगिब हे औषध तयार झाले आणि २०१२ साली अमेरिकेत त्याला त्वचेच्या एका कर्करोगासाठी मान्यता मिळाली. या रोगाच्या पेशींत हेजहॉगचा मार्ग कायम चालू राहिलेला असतो. गर्भवती स्त्रीला हे औषध कटाक्षाने देत नाहीत, कारण गर्भातल्या पेशींना तो संदेश हवा असतो.