सपोर्टेड लिव्हिंगचा दर्जा: चहा कोणाच्या हातांनी होतो?

नमस्कार. इंग्लंडमधील सपोर्टेड लिव्हिंगविषयी, म्हणजे बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना स्वतःच्या घरात मदतीने राहता यावे या व्यवस्थेविषयी, मी मागे एक व्हिडिओ केला होता. तेव्हापासून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येत आहे: ‘आमच्या माणसासाठी जागा पाहून आलो, घर छान आहे, कर्मचारी हसतमुख आहेत, पण तिथली देखभाल खरोखर चांगली आहे हे ओळखायचे कसे?’ मी गेली काही वर्षे इथे सपोर्ट वर्कर म्हणून काम करीत आहे, त्यामुळे उत्तर त्या कामाच्या आधारेच देईन.

प्राथमिक गोष्टी झटपट सांगतो. इंग्लंडमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे आपण ज्याला बौद्धिक दिव्यांगत्व म्हणतो ते. भारतात या शब्दांवरून डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता डोळ्यांसमोर येते, आणि मागच्या व्हिडिओखालच्या बऱ्याच प्रतिक्रिया त्या गैरसमजातून आल्या होत्या. दुसरे म्हणजे, केअर होममध्ये निवास आणि देखभाल एकत्र मिळते, तर सपोर्टेड लिव्हिंगमध्ये घराचा भाडेकरार त्या व्यक्तीच्या नावावर असतो आणि देखभालीची व्यवस्था त्याहून वेगळी असते. म्हणजे संस्था पटली नाही तर घर न सोडता संस्था बदलता यावी, अशी ही रचना आहे.

अनेकांनी विचारले आहे की देखभाल सेवांची तपासणी करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनचा, म्हणजे सीक्यूसीचा शेरा पाहिला की पुरेसे नाही का. तो अवश्य पाहावा, पण तो कशाचा आहे हे समजून घ्यावे. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये सीक्यूसी घराचे नियमन करीत नाही. आंघोळ, कपडे, जेवण भरवणे यांसारख्या वैयक्तिक देखभालीचे नियमन करते आणि नोंदणी बहुधा संस्थेच्या कार्यालयाची असते. एका कार्यालयाखाली अनेक घरे चालतात, त्यामुळे ‘गुड’ हा शेरा आपण पाहून आलेल्या त्या विशिष्ट घराविषयी फार थोडे सांगतो.

आता मुख्य मुद्दा. संशोधक जिम मॅन्सेल आणि केंट विद्यापीठातील टिझार्ड सेंटरमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले की घर सुंदर असणे किंवा कर्मचारी अधिक असणे एवढ्याने माणसाचे जगणे सुधारत नाही. कर्मचारी त्या माणसाला प्रत्यक्ष कामात किती आणि कशी मदत करतात, यावर ते अवलंबून असते. या पद्धतीला ‘ॲक्टिव्ह सपोर्ट’ म्हणतात. दिवसातला प्रत्येक क्षण उपयोगाचा मानणे, थोडे थोडे पण वारंवार करणे, हवी तेवढीच मदत करणे आणि निवड त्या व्यक्तीच्या हाती ठेवणे, असे तिचे चार आधार आहेत. त्यांपैकी तिसराच सर्वांत अवघड आहे आणि बहुतेक ठिकाणी तोच बिघडतो.

माझ्याकडूनही तो बिघडला होता. कामाच्या पहिल्याच महिन्यात मी पन्नाशी ओलांडलेल्या एका गृहस्थांना सकाळी चहा करून देत असे. ते बोलत नाहीत. चहा समोर आला की ते पीत, आणि मी वहीत ‘चहा घेतला’ असे लिहीत असे. एकदा एक ज्येष्ठ सहकारी मागे उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, ‘आज तू हात खिशात ठेव आणि मनात तीसपर्यंत मोज.’ मी मोजू लागलो. दहापर्यंत काहीच झाले नाही. वीसच्या आसपास त्या गृहस्थांचे बोट कपाटाच्या मुठीवरून एकदा फिरले आणि थांबले. मी नुसते कपाटाकडे पाहिले, तेव्हा त्यांनी ते उघडले, एक कप काढला, मग दुसरा काढला आणि तो दुसरा माझ्या दिशेने ढकलला. मला अर्थ लागला नाही, म्हणून त्यांनी तो पुन्हा ढकलला. ते मला चहा विचारत होते. महिनाभर मी त्यांच्या घरात होतो आणि पाहुण्याला चहा विचारण्याची संधी मी रोज त्यांच्याकडून काढून घेत होतो.

मदतीच्या पायऱ्या असतात. आधी विचारावे, नंतर काय करायचे ते थोडक्या शब्दांत सांगावे, नंतर खुणेने किंवा स्पर्शाने सुचवावे, नंतर स्वतः करून दाखवावे आणि अगदी शेवटी हाताला हात लावून करवून घ्यावे. प्रशिक्षणात हे सर्वांना शिकवतात आणि पायऱ्या सर्वांना पाठ असतात. चूक होते ती दोन पायऱ्यांच्या मध्ये, कारण तिथे थांबायचे असते आणि कोणी थांबत नाही. प्रश्न विचारून दोन सेकंदांत कपाट उघडणारा कर्मचारी ‘मी विचारले होते’ असे म्हणू शकतो, पण ते विचारणे नव्हे. शब्द कानावर पडणे, त्याचा अर्थ लागणे, उत्तर ठरणे आणि हात हलणे या प्रवासाला काही माणसांना अर्धा मिनिट लागतो, आणि तो अर्धा मिनिट त्यांचा असतो.

हीच गोष्ट नोंदवहीच्या बाजूने पाहा. ‘दिवस शांत गेला, सर्व गरजा पूर्ण केल्या’ हे वाक्य मी इतक्या घरांच्या वह्यांत वाचले आहे की आता ते दिसले की मला काळजीच वाटते. कोणी काय केले, याविषयी त्यात एक अक्षरही नाही. त्याऐवजी ‘भांडी विसळली, ताटाला हात लावून सुरुवात करून द्यावी लागली, पुढच्या चार ताटल्या स्वतः विसळल्या’ असे लिहिलेले असेल, तर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या नव्या कर्मचाऱ्याला कुठे थांबायचे ते कळते. एका दर्शकांनी लिहिले आहे की एजन्सीकडून दर आठवड्याला नवा चेहरा येतो, मग हे जमणार कसे? त्यांची तक्रार अगदी योग्य आहे. न बोलणाऱ्या माणसाला दर आठवड्याला नव्याने स्वतःची ओळख करून द्यावी लागणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि म्हणूनच अशा घरात ती वही अधिक नेमकी असली पाहिजे.

कायद्याच्या बाजूनेही तेच दिसते. इंग्लंड आणि वेल्समधील २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट असे गृहीत धरतो की प्रौढ व्यक्ती स्वतःचे निर्णय घेऊ शकते. शक्य ती सर्व व्यवहार्य मदत करूनही उपयोग झाला नसेल, तरच तिला तो निर्णय घेता येत नाही असे मानता येते. निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून ती असमर्थ ठरत नाही. चित्रे दाखवली का, दिवसाच्या ज्या वेळी तिला बरे वाटते त्या वेळी विचारले का, उत्तरासाठी थांबलो का, हे प्रश्न त्या कायद्यातूनच निघतात. ‘तिला विचारून उपयोग नाही’ असे म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याने, आणि क्षमा करा, पण अनेकदा नातेवाइकांनीही, आपण किती वेळ थांबलो होतो हे आठवून पाहावे.

याला आरोग्याचा भागही जोडलेला आहे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती इंग्लंडमध्ये इतरांपेक्षा सरासरी सुमारे २० वर्षे आधी मरण पावतात आणि त्यांतील अनेक मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. बद्धकोष्ठासारखी साधी वाटणारी गोष्टही दुर्लक्षामुळे जिवावर बेतते. एखादी व्यक्ती अचानक डोके आपटू लागली किंवा जेवणाचे ताट ढकलू लागली, तर ‘त्याचा स्वभावच तसा आहे’ असे म्हणून पुढे जाणे सोपे असते, पण तो दातदुखीचा किंवा पोटदुखीचा एकमेव उपलब्ध शब्द असू शकतो. वर्तन आवरण्यासाठी विनाकारण दिल्या जाणाऱ्या मानसिक आजारांवरील औषधांविरुद्ध २०१६ मध्ये ‘स्टॉम्प’ ही राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तीही याच कारणाने. वय १४ पूर्ण झाल्यावर जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे, दरवर्षी आरोग्य तपासणी करून घेता येते. त्यासाठी जीपीच्या लर्निंग डिसॅबिलिटी नोंदवहीत नाव असावे लागते, आणि ते आहे का, हे आजच फोन करून विचारावे.

काही जण विचारतात की एवढ्या बारीकसारीक गोष्टींत का शिरायचे. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक दिव्यांग रुग्णांना होणारी मारहाण ३१ मे २०११ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने दाखवली, तेव्हा सारा देश हादरला. अशा रुग्णालयांत विनाकारण अडकलेल्यांना १ जून २०१४ पर्यंत समाजात राहायला आणण्याचे सरकारने ठरवले, पण ती मुदत पाळली गेली नाही. जे बाहेर आले त्यांच्यापैकी अनेकांना स्वतःच्या नावाचे घर मिळाले. त्या घरातही कपाटाची मूठ कर्मचाऱ्याच्याच हाती राहिली, तर केवळ पत्ता बदलला असे होते.

म्हणून घर पाहायला जाल तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवून व्यवस्थापकांना विचारा: ‘गेल्या मंगळवारी संध्याकाळी साडेसात वाजता इथल्या रहिवाशांपैकी प्रत्येक जण काय करीत होता?’ सर्वांनी रात्रीचे कपडे घातले होते असे उत्तर आले, तर त्या घराचे घड्याळ कर्मचाऱ्यांच्या पाळीप्रमाणे चालते. ‘हेवी लोड’ या बँडच्या लक्षात आले होते की कर्मचाऱ्यांची पाळी संपत येते म्हणून त्यांचे दिव्यांग श्रोते ऐन कार्यक्रमातून नऊ वाजताच उठून जातात. त्यातून ‘स्टे अप लेट’ ही चळवळ उभी राहिली. शक्य झाल्यास स्वयंपाकघरात वीस मिनिटे बसा. कर्मचारी आत येण्यापूर्वी रहिवाशाचे दार वाजवतात का, आणि वाजवल्यावर थांबतात का, एवढेच पाहा.

शेवटचा प्रश्न एका बहिणीचा आहे: भावाच्या घरी हे काहीच होत नाही, तर तक्रार कुठे करावी? आधी संस्थेकडे लेखी करावी. छळ किंवा हयगयीची शंका असेल, तर थेट स्थानिक काउन्सिलच्या सेफगार्डिंग, म्हणजे अशा व्यक्तींचे संरक्षण पाहणाऱ्या, विभागाला कळवावे आणि तातडीचा धोका असेल तर पोलिसांना. सीक्यूसीला माहिती अवश्य द्यावी, मात्र ते वैयक्तिक तक्रारीचा निवाडा करीत नाहीत. संस्थेच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या यंत्रणेकडे, जाता येते. तक्रारीत ‘नीट लक्ष देत नाहीत’ असे लिहू नका. तारीख आणि वेळ घालून लिहा: ‘सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी भावाला कोणता शर्ट हवा असे विचारले, आणि त्याने हात उचलण्यापूर्वीच निळा शर्ट त्याच्या अंगात घातला.’