टेकडीवरचा इतिहासकार

श्रोतेहो, नमस्कार.

चीनच्या शाआन्शी (Shaanxi) प्रांतात, हानचंग शहराच्या दक्षिणेला, पीत नदीपासून जवळच झिछ्वान नावाचे लहानसे गाव आहे. हा सारा परिसर ह्वाच्याओ या जीभ बधिर करणाऱ्या मसाल्यासाठी प्रसिद्ध आहे. ह्वाच्याओ म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाची भावकीच. आणि बांगड्याच्या आमटीत तिरफळ न घालणाऱ्यांविषयी मी येथे मौन पाळतो. गावाजवळच्या टेकडीवर, दगडी पायऱ्यांच्या माथ्यावर, इ.स. ३१० मध्ये प्रथम उभारलेले एक देऊळ आहे. ते देवाचे नाही, राजाचेही नाही. ते एका इतिहासकाराचे आहे. होय, इतिहासकाराचे. त्याचे नाव सिमा च्यान.

इ.स.पू. ९९ मध्ये हान घराण्याच्या सम्राट वूचा सेनानी ली लिंग अवघे ५,००० पायदळ घेऊन उत्तरेच्या श्योंग्नू टोळ्यांवर चालून गेला, वेढला गेला, आणि बाण संपेपर्यंत लढून अखेर शरण गेला. त्याच्या विजयाच्या वार्ता येत होत्या तेव्हा ज्या दरबाऱ्यांनी सम्राट वूसमोर मद्याचे प्याले उंचावले होते, तेच आता त्याला दोष देऊ लागले. सिमा च्यानची ली लिंगशी मैत्री नव्हती; तरीही सम्राटाने मत विचारताच त्याने त्या सेनानीची बाजू घेतली. सम्राट संतापला आणि सिमा च्यानला देहदंड ठरला. द्रव्य भरून सुटका होऊ शकत होती, परंतु त्याच्या घरी तेवढे द्रव्य नव्हते आणि एकही मित्र पुढे आला नाही. उरले दोनच मार्ग: मरण किंवा वृषणच्छेद. मानी माणसाने मरण पत्करावे, अशी त्या काळची रीत होती. त्याने वृषणच्छेद पत्करला. का पत्करला, हे त्याने रेन आन या परिचिताला लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे: हाती घेतलेला ‘शिजी’ हा चीनच्या इतिहासाचा ग्रंथ अपुरा होता. तो पुरा करण्याचे वचन त्याने मरणासन्न वडिलांना दिले होते. ग्रंथ पुरा करण्यासाठी तो जगला. (पुरस्कार परत करून वर्तमानपत्रात झळकणाऱ्या आजच्या विद्वानांनी हे पत्र एकदा वाचावे.)

त्या ग्रंथाचे १३० अध्याय आहेत आणि पाच लाखांहून अधिक चिनी अक्षरे. तो लोकांपुढे आला लेखकाच्या मृत्यूनंतर, त्याच्या मुलीच्या मुलामुळे. देवळामागे विटांची गोल समाधी आहे आणि तिच्या माथ्यावर एक जुना सरू वाढला आहे. जवळच्या श्यूत्सुन गावात थोंग आणि फंग या आडनावांची घराणी आहेत. आपण सिमा च्यानचे वंशज असून राजभयाने पूर्वजांनी आडनाव बदलले, असे ती परंपरेने सांगतात, आणि या दोन घराण्यांत आपसांत आजही सोयरीक होत नाही.