साप चावला, आता नेणार कुठे?

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात शेतं तणाने भरली, की सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यातली बरीच माणसं वाचली असती. पेशंटला आधी कुठे न्यायचं, हे घरच्यांनी त्या गडबडीत ठरवलेलं असतं आणि पुढचं सगळं त्यावरच अवलंबून असतं.

भगताकडे नेलेले अनेक जण बरे होतात, हे खरं आहे. त्यातल्या बहुतेकांना बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा विषारी साप चावूनही त्याने विष सोडलेलं नसतं. मंत्राने कुणाचंच विष उतरत नाही. खरोखर विष भिनलेल्या माणसाचे मात्र तिथे दोन-तीन तास फुकट जातात.

चावल्याबरोबर माणसाला खाली बसवा आणि चालू देऊ नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच काढा; सूज चढली की ते मांसात रुततं. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. दोरीने आवळू नका. रक्तपुरवठा थांबून आवळलेला भाग कुजू शकतो आणि दोरी सोडताच अडलेलं विष एकदम अंगभर पसरतं. चिरा देणं, चोखणं, बर्फ लावणं यातलं काहीच नको. साप मारण्यातही वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर प्रतिविष, म्हणजे विष उतरवणारं औषध, एकच असतं. चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. गाडी यायला उशीर होणार असेल, तर पेशंटला मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून न्या. जिथे प्रतिविष आहे अशाच दवाखान्यात जा. सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतं.

तिथे डॉक्टर दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गुठळी झाली नाही, तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं समजायचं. मग प्रतिविषाच्या साधारण दहा कुप्या सलाईनमधून तासाभरात देतात. लहान मुलालाही डोस तेवढाच, कारण सापाने त्याला काही कमी विष दिलेलं नसतं. विषाची लक्षणं नसतील, तर चोवीस तास नुसतं लक्ष ठेवतात. अशा वेळी ‘इंजेक्शन द्याच’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची जोरदार ॲलर्जी येऊ शकते.

मण्यारीचं सांगायलाच हवं. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं बोबडं होतं. घरचे अपचन समजून ओवा देतात आणि तेवढ्यात श्वासाचे स्नायू थकतात. मण्यारीने निकामी केलेली मज्जातंतूंची टोकं प्रतिविषाने लगेच दुरुस्त होत नाहीत. ती पुन्हा वाढेपर्यंत काही दिवस व्हेंटिलेटर लागतो. या काळात पेशंट डोळे उघडत नाही, बाहुल्याही हलत नाहीत. तो गेला असं समजून ‘आता घरी नेतो’ म्हणणारे नातेवाईक असतात. कृपा करून असं करू नका! त्याला सगळं ऐकू येत असू शकतं. त्याच्याशी बोला, नाव घेऊन धीर द्या. अशी माणसं पूर्ण बरी होऊन चालत घरी जातात.

घोणसीचा त्रास लांबतो. ती मूत्रपिंडावर घाव घालते, म्हणून लघवी मोजून लिहा. दिवसाला ४०० मिलिलिटरहून कमी झाली, की डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावं लागू शकतं. बहुतेकांची मूत्रपिंडं काही आठवड्यांत सावरतात, काहींची नाही. त्यामुळे घरी आल्यावरही सांगितलेल्या रक्ततपासण्या चुकवू नका. एक-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी, पुरळ आलं, तर ती प्रतिविषाची उशिरा येणारी प्रतिक्रिया असू शकते आणि ती औषधाने बरी होते. काही महिन्यांनी सतत थकवा वाटू लागला, बायकांची पाळी थांबली, तर डॉक्टरांना घोणस चावल्याचं आवर्जून सांगा. तिच्या विषाने मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी निकामी होऊ शकते, आणि त्यावर गोळ्या आहेत.