मेंदूचा मुका मार

हा ठोसा पुन्हा पाहा. हळू करून.

ग्लोव्ह हनुवटीला बाजूने लागतो. गाल लाटेसारखा हलतो. मग डोकं मानेवर गर्रकन फिरतं. सगळं मिळून सेकंदाचे जेमतेम काही शंभरावे हिस्से. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

बॉक्सर खाली पडलाय. रक्त नाही, कुठे फुटलेलं नाही. मार बसला हनुवटीला, आणि बंद पडला मेंदू.

पाण्याने भरलेल्या भांड्यात एक पान टाका आणि भांडं झटकन फिरवा. भांडं फिरतं, पान जवळपास होतं तिथेच राहतं. मेंदूचंही तसंच. सुमारे १४०० ग्रॅमचा हा मऊ गोळा कवटीत द्रवावर तरंगत असतो. कवटी फिरली की तो मागे राहतो. पण पानासारखा तो मोकळा नाही. शिरांनी, पडद्यांनी बांधलेला आहे, खाली देठाने अडकवलेला आहे. म्हणून तो पिळवटतो.

१९४३ साली ऑक्सफर्डच्या हॉलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने जिलेटिनचा मेंदू करून हे दाखवलं. मेंदू दाबून लहान करणं पाण्याइतकंच अवघड, पिळणं मात्र फार सोपं. सरळ धक्का निरुपद्रवी असतो असं नाही, पण खरा घात करतं ते फिरणं. आणि फिरवायला हनुवटीसारखी जागा नाही. दार कडीपाशी ढकललं तर बोटानेही फिरतं, बिजागरीपाशी ढकलून पाहा!

आता आत जाऊ. चेतापेशींचे लांब तंतू हळू ताणले तर लवतात. झटक्यात ताणले की त्यांच्या आतल्या सूक्ष्म नळ्या तुटतात. पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. हा पसारा आवरायला पेशींना भरपूर ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो. सीटी स्कॅनमध्ये यातलं काहीच दिसत नाही. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, खेळू दे' हे वाक्य म्हणूनच मला धडकी भरवतं. हा मुका मार आहे. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात: धक्क्याने मेंदूचं काम काही काळ बिघडणं. बहुतेक कन्कशनमध्ये खेळाडूची शुद्धही हरपत नाही.

मग हेल्मेट? ते कवटी फुटू देत नाही, आणि ते काम चोख करतं. डोकं फिरण्याचं मात्र ते फारसं थांबवू शकत नाही.

ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी. ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ ८० वर खेळतोय. जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेवर बसतो. स्मिथ कोसळतो. आत नेऊन तपासणी होते, त्यात तो पास होतो आणि पुन्हा फलंदाजीला येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखतंय, सुस्ती आहे. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरतो, कसोटीतला पहिला कन्कशन सब्स्टिट्यूट, म्हणजे कन्कशनमुळे घेतलेला बदली खेळाडू. असा बदली घेण्याचा नियम लागू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

पण आपण आदल्या दिवशीचंच फुटेज पुढे नेऊ. स्मिथ परत आलाय, स्कोअर ९२. ख्रिस वोक्सचा चेंडू स्टंपांच्या रेषेत येतोय. दिवसभर चेंडूवर डोळे रोवून उभा असलेला हा माणूस बॅट वर उचलतो, चेंडू सोडून देतो, आणि पायचीत होतो.