मासे मेले पहाटे, आम्ही पोचलो अडीचला

मागं ऐकू येतंय ना? बरं. तर आपल्याकडं नदीत मासे मेले की बातमी ठरलेली, मळीमिश्रित पाणी सोडलं, मासे तरंगले, पंचनामा झाला, पाण्याचे नमुने घेतले. पंचगंगेला हे बघत बघत आमचे केस पिकले. आणि संशय बऱ्याचदा खराही असतो, मळीचं पाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू सगळा ऑक्सिजन खातात, माशाला उरत नाही. पण संशय खरा असणं वेगळं आणि कागदावर टिकणं वेगळं.

माझीच फजिती सांगतो. एका ठिकाणी पहाटे मासे तरंगले, आम्ही बाटल्या घेऊन पोचलो दुपारी अडीचला. आता ऑक्सिजन बघायचा कसा, तर ३०० मिलीची बाटली एकही बुडबुडा न ठेवता भरायची, तिथंच काठावर मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं, ऑक्सिजन असला तर तपकिरी साका बसतो, अजिबात नसला तर पांढराच राहतो. आमचा साका मस्त तपकिरी! माशांना लिटरमागं ४ मिलिग्रॅम तरी लागतो, आमचा आला ५ च्या वर. रिपोर्टात लिहिलं, पाणी ठीक. शेजारी मेलेल्या माशांचा ढीग, वास सुटलेला, आणि पाणी ठीक! अहो, रात्री शेवाळही ऑक्सिजन खातंच, त्यामुळं पहाटे तो सगळ्यात कमी, ऊन चढलं की तेच शेवाळ तो बनवायला लागतं, परत वर, आणि घाण पाण्याचा लोंढा तर तोवर चार गावं खाली गेलेला.

आता याच्या उलटी केस. ओडर नदी, पोलंड-जर्मनीच्या सीमेवरची, २०२२ चा उन्हाळा. जुलैअखेर पोलंडात मासे मरायला लागले, पुढं अंदाज निघाला साधारण ३६० टनांचा. लोकांनी ठरवूनच टाकलं की कुणीतरी विष ओतलंय, पाऱ्याची आवई उठली, गुन्हेगार शोधून देणाऱ्याला १० लाख झ्लॉटींचं (पोलंडचं चलन) बक्षीस लागलं. माशांत पाऱ्याचं काही निघालं नाही. धागा मिळाला तो फ्रँकफुर्टच्या मोजणी केंद्रात (विमानतळवालं नव्हे, ओडरकाठचं दुसरं). तिथं ऑक्सिजन कमी नव्हता, वाढला होता! पीएच, म्हणजे पाण्याचा अल्कलीपणा, वाढलेला, पाण्याचा खारटपणाही वाढलेला. आता तापलेल्या, आटलेल्या नदीत ऑक्सिजन वाढतो म्हणजे पाण्यातच बसून कुणीतरी तो बनवतंय ना? सूक्ष्मदर्शकाखाली सापडलं प्रिम्नेशियम पार्व्हम, सोनेरी शैवाल, मचूळ पाण्यात वाढणारं. त्याचं विष कल्ले खराब करतं, म्हणजे भवती ऑक्सिजन भरपूर आणि मासा गुदमरून मेला. शिंपले, गोगलगायीही गेल्या.

समुद्रापासून एवढं लांब नदीत मीठ आलं कुठनं? खाणींतनं उपसलेलं खारं पाणी वर्षानुवर्षं नदीत येत होतं, त्याचे परवाने होते. त्या वर्षी पाऊस कमी, पाणी कमी, ऊन जास्त, उरलेल्या पाण्यात मिठाचं प्रमाण वाढलं. आता ते बक्षीस द्यायचं कुणाला?

तर मला फोन कराल तेव्हा उजाडायच्या आत करा. आणि फुगलेला, डोळे पांढरे झालेला मासा आणू नका, त्याच्यात बघण्यासारखं काही उरत नाही. नुकता मेलेला, नाहीतर अजून तडफडतोय असा आणा, बर्फात ठेवून, फ्रीजरमध्ये नको, गोठला की कल्ल्यांच्या पेशी फुटतात. आणि मोबाईलवर पाण्याचा फोटो काढता तेव्हा घड्याळही दिसू द्या.